चावीवाल्याचे हात

श्रोतेहो, नमस्कार.

नळाला पाणी आलं की आपण आधी बघतो, जोर आहे का? मग बघतो, गढूळ तर नाही? कोल्हापुरात पाण्याचा विषय निघाला की बोलणं पंचगंगेच्या प्रदूषणावर नाहीतर काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनवर जातं. ते पाणी 2023 च्या दिवाळीत शहरात आलं, चांगलंच झालं. पण धरणातून निघालेलं पाणी आपल्या घागरीत पडेपर्यंत किती जणांच्या हाताखालून जातं? पाण्याचा व्हॉल्व्ह उघडझाक करणारा चावीवाला, फिटर, चर खणणारा, टाकी धुणारा, टीसीएल म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर कालवणारा. आज या हातांबद्दल बोलायचंय.

गोष्ट इंग्लंडची आहे. लंडनजवळच्या क्रॉयडनमध्ये 1937 साली एका विहिरीचं काम चाललं होतं. विहिरीत उतरणाऱ्यांपैकी एकाला पहिल्या महायुद्धात विषमज्वर, म्हणजे मुदतीचा ताप, होऊन गेलेला. माणूस ठणठणीत, पण जंतू अजून अंगात. नेमकं त्याच काळात त्या विहिरीचं पाणी न गाळता, क्लोरीन न घालता गावात सोडलं गेलं. 341 जण आजारी पडले, 43 दगावले. त्या कामगाराचा दोष काय? आपल्या अंगात जंतू आहेत हे त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

आज तिथं पिण्याच्या पाण्यावर काम करायचं तर निळं कार्ड लागतं. प्रशिक्षण, छोटी परीक्षा, तब्येतीची प्रश्नावली, आणि दर 3 वर्षांनी पुन्हा तेच. आपल्याकडंही कार्ड आहे बरं का! गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड देतात. म्हणजे कार्ड गावाला. पाणी सोडणाऱ्या माणसाला काहीच नाही.

गावोगावच्या पाणी कर्मचाऱ्यांचे वर्ग मी बरीच वर्षं घेतले. सगळ्यात जास्त वेळ जायचा टीसीएलवर. पोतं तोंड उघडं, कोपऱ्यात ओलीला टेकलेलं. ताज्या पावडरीत 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, हवा आणि ओल लागली की तो उडून जातो. मागं उरतो नुसता चुना, आणि आमचा गडी तो मूठभर भिरकावून मोकळा! खरी रीत अशी : प्लास्टिकच्या बादलीत पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं आणि मगच चावी फिरवायची. गावाच्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीन उरलाय का ते बघायची चाचणी, घ्यायची. पिवळी झाक आली तर क्लोरीन तिथवर पोचला. लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम तरी उरलाच पाहिजे.

दुसरा विषय चराचा. आपल्याकडं पाणी चोवीस तास नसतं. पुरवठा बंद झाला की पाइप रिकामा होतो, आणि गळतीच्या जागेतून बाहेरचं पाणी आत ओढून घेतो. शेजारून गटार वाहत असेल तर पुढचं सांगायला नको. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती हेपॅटायटिस ई ची, दूषित पाण्यातून पसरणारी. म्हणून फिटरला मी सांगायचो, ड्रेनेजला वापरलेला पाना आणि बूट पाण्याच्या लाइनवर आणू नकोस, वेगळा संच ठेव. नवीन पाइपची तोंडं बांधून ठेव, जोडण्याआधी क्लोरीनच्या पाण्यानं पूस, जोड झाला की पहिलं पाणी वाहून जाऊ दे. महापूर ओसरल्यावर तर याला पर्यायच नाही. 2019 ला नदीकाठची उपसा केंद्रं बुडाली होती, हे कोल्हापूरकरांना मी काय सांगायचं?

तिसरा विषय आजारपणाचा, आणि इथं मी अडकलो. फळ्यावर लिहिलं, ‘जुलाब, उलटी, कावीळ, मुदतीचा ताप : लगेच कळवा, पाण्याजवळ जाऊ नका.’ मागच्या बाकावरचा एक पिकल्या मिशांचा चावीवाला उठला. “सर, कळवतो की. पण त्या दिवसाचा पगार कोण देणार? आणि माझ्या बदली चावी कोण फिरवणार? गावात दुसऱ्या कुणाला ठावंच न्हाई कुठली चावी कुठली.”

माझ्याकडं उत्तर नव्हतं. घरी बसला तर हजेरी बुडणार असेल, तर तो पोट धरून टाकीवर चढणारच, वर्ग कितीही भरवा. त्याला पगारी रजा हवी, आणि सगळ्या चाव्या माहीत असलेला दुसरा माणूस गावानं तयार ठेवायला हवा. पुढच्या ग्रामसभेत पाणीपट्टी वाढवायचा विषय निघेल, तेव्हा याचाही ठराव मांडा.

नमस्कार.