फण्या आल्या, गुरुजी!

मंडळी, हे पिवळं यंत्र पुढच्या रांगेतून मागे जाऊ द्या. हातात घेऊन पाहा. वर चष्मेवाल्या, मिशीवाल्या प्रोफेसरचं चित्र आहे, नाव ‘लिटल प्रोफेसर’. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकन कंपनीने १९७६ साली ते बाजारात आणलं, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी. दिसायला कॅल्क्युलेटर, पण काम उलटं. कॅल्क्युलेटरला आपण विचारतो, हा आपल्याला विचारतो. पडद्यावर ३ × ६ = असं उमटतं आणि यंत्र थांबतं. बरोबर आलं तर पुढचं गणित. चुकलं तर इंग्रजी ई हे अक्षर तीनदा उमटतं. तीन संधी मिळतात, तिसऱ्यांदाही चुकलं की खरं उत्तर तेच दाखवतं. दहा गणितं झाली की पहिल्या फटक्यात किती जमली तो आकडा येतो. बस, एवढंच.

माझ्या भाच्याने हे जुनं यंत्र कुठून तरी मिळवून मला दिलं. तेव्हा मी केळापूर तालुक्यात शिकवत होतो. शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली पोरं ते घेऊन बसायची. आकडे लाल दिव्यांचे, आपल्या विदर्भाच्या उन्हात दिसायचे नाहीत. मग एक जण दोन्ही हातांची ओंजळ करून सावली धरायचा आणि दुसरा बटणं दाबायचा. ते तीन ई पोरांना कंगव्यासारखे दिसले. चुकलं की ओरडायची, ‘‘गुरुजी, फण्या आल्या!’’

मला त्यात काय दिसलं ते सांगतो. आपल्या वर्गात पोरगं उभं राहून ‘सात सक्कं चव्वेचाळीस’ म्हणालं की तीस डोकी वळतात. ज्याच्या घरी याआधी कोणी शाळेची पायरी चढलेलं नाही, ते पोरगं एकदा असं हसं झालं की पुन्हा तोंड उघडत नाही. आणि तोंड उघडल्याशिवाय पाढा कसा बसणार? या यंत्रापुढे चुकलं तर वळणारी तीस डोकी नसतात. ते रागवत नाही, घाई करत नाही. मोबाइलवर गणिताचे खेळ पुष्कळ आहेत, पण मी पाहिलेल्या बहुतेकांत घड्याळ पळतं आणि मधेच जाहिरात येते. हे थांबून राहतं. मला हे थांबणं फार मोलाचं वाटतं.

दुसरं असं की ते मुकं आहे. माझ्या वर्गात कोलाम पोरं होती, घरी कोलामी बोलणारी. त्यांना २९ कळायचे, पण ‘एकोणतीस’ ऐकलं की ती तिसाकडे जायची आणि तिथेच अडायची. मराठी घरातली पोरंही अडतात. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन दिलं, तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! वाद घालणाऱ्यांनी एकदा दुसरीच्या वर्गात बसायला हवं होतं. यंत्रापुढे शब्दाची ही अडचणच नव्हती. नुसता आकडा, आणि आकडा ओळखीचा.

पण मंडळी, इथे एक गोष्ट नीट ऐका. वरच्या पातळीवर एका पोरीला आलं ५२ − २८. तिने ३६ दाबले. फण्या. पुन्हा ३६. पुन्हा फण्या. तिसऱ्यांदाही तेच, आणि पडद्यावर २४ आले. ती यंत्र माझ्याकडे घेऊन आली, डोळ्यांत पाणी. ‘‘काहून गुरुजी? आठातून दोन गेले त सहाच ना?’’

ती चुकीचं मोजत नव्हती. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, एवढा एकच नियम ती प्रामाणिकपणे पाळत होती. यंत्राला उत्तर ठाऊक होतं, तिचं कारण ठाऊक नव्हतं.

शाळेमागे तुराट्यांचा ढीग होता. त्यांचे बोटभर तुकडे केले, दहा-दहाचे गठ्ठे सुतळीने बांधले. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या. म्हटलं, ‘‘माय, आता यातून अठ्ठावीस दे मला.’’ तिने दोन गठ्ठे दिले. मग दोन काड्यांकडे बघत बसली. मी बोललो नाही. बऱ्याच वेळाने तिने एका गठ्ठ्याची सुतळी सोडली. ‘हातचा’, ‘उसना’ हे शब्द मी वर्षभर फळ्यावर लिहीत होतो, ते तिला त्या सुटलेल्या सुतळीत सापडले. वर्धा आपल्यापासून किती लांब आहे? १९३७ साली तिथल्या परिषदेत नई तालीमचा विचार मांडला गेला, हाताच्या कामातून शिक्षण. त्या दिवशी तो मला माझ्या अंगणात कळला.

पुढे यंत्राची चौकोनी बॅटरी संपली. नवी पांढरकवड्याहून आणायला आठवडा गेला. तेवढ्यात पोरांनी स्वतःचं यंत्र केलं. एकाने पाटीवर गणित लिहायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, चुकलं की पाटीवर फणी काढायची. एकदा तीच पोरगी यंत्र झाली होती. समोरच्याच्या तिन्ही फण्या झाल्या. तिने उत्तर सांगितलं नाही. तुराट्यांचा एक गठ्ठा उचलला आणि त्याच्यापुढे सरकवला.