मोठे बाबा आधी माणसं मोजायचे

नमस्कार मंडळी. फराळाच्या प्लेटा समोर दिसत असताना माइक हातात घेणं म्हणजे शिव्या खायचं काम आहे, पण अध्यक्षीणबाई म्हणाल्या दहा मिनिटं बोल काकांबद्दल, आणि मी हो म्हणून बसलो.

काका म्हणजे आमच्याकडे मोठे बाबा. या उन्हाळ्यात गेले. अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यात आमचं गाव, तिथून एसटीनं ये-जा करून नगरपरिषदेच्या फायर ब्रिगेडमध्ये ड्युटी, ५८ व्या वर्षी रिटायर होईपर्यंत. गावात फायरमन वगैरे कोणी म्हणत नव्हतं, बंबवाले म्हणायचे, आणि मोठी आई ती बंबवालीनबाई.

तुम्हाला वाटेल आग म्हणजे उंच बिल्डिंग, शिडी, हिरो. आमच्याकडे आग म्हणजे कुटाराची, गुरांच्या भुशाची, गंजी. एप्रिल-मे मध्ये कोणीतरी धुरा, म्हणजे शेताचा बांध, पेटवून देतो, वारा सुटतो, आणि शेजाऱ्याचा गोठा, कडबा, ठिबकच्या नळ्या सगळं जातं. बंब निघतो पण पांदण रस्त्यानं आत शिरतच नाही, मग पाइप खांद्यावर टाकून पळा. मोठ्या बाबांचा उजवा खांदा शेवटपर्यंत थोडा खालीच राहिला, शर्ट शिवताना टेलर विचारायचा.

आणि जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची, आग. कापसाला अंगचंच मेण असतं, पाणी वरून घरंगळून जातं, वरचा थर काळा पडला की मालकाला वाटतं विझली आणि आत दोन दिवस धुमसत राहते. म्हणून अख्खी गंजी आकड्यांनी फोडायची, पसरायची, भिजवायची, परत फोडायची. एकदा ते तिसऱ्या दिवशी घरी आले तेव्हा अंगाला जळक्या सरकीचा असा वास होता की मी लहान होतो, मला वाटलं मोठी आई भजे तळून राह्यली. भुवयांत कापूस अडकलेला. आंघोळ नाही, जेवण नाही, आधी ओसरीवरच्या चपला मोजल्या. हे रोजचं होतं. रात्री दाराला कडी लावायच्या आधी चपला मोजायच्या, एक जोड कमी असला तर कडी लागायची नाही, मग आमच्यातला कोणी पिक्चरला गेलेला असो की तमाशाला, ते ओसरीवर बसून.

१४ एप्रिलला आमच्याकडे सगळे जयंतीच्या मिरवणुकीत, आणि तोच अग्निशमन दिवस. मोठे बाबा छातीला छोटा झेंडा लावून मिरवणुकीच्या ड्युटीवर जायचे आणि रात्री आम्हाला १९४४ ची गोष्ट, मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज, पोटात दारूगोळा आणि त्याच्या सोबतीला कापसाच्या गाठी. "कापूसच पेटला लेका," एवढं म्हणून थांबायचे. त्यात फायर ब्रिगेडचे ६६ जण गेले. ६६ हा आकडा ते असा सांगायचे जसे काही सगळे ओळखीचे होते.

इथं टोरांटोला ते एकदाच आले, जानेवारीत. बायकोनं ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या आणि स्मोक अलार्म कोकलला. आम्ही टॉवेल हलवतोय, हे उठले, "एक, दोन, तीन... पोट्टी कोठी हाय?" पोरगी बेसमेंटमध्ये हेडफोन लावून. तिला खांद्याला धरून वर आणलं, आम्हा सगळ्यांना बर्फात स्लिपरवर उभं केलं आणि मग एकटे आत गेले गॅस बंद करायला. शेजारचा कॅनेडियन म्हातारा खिडकीतून बघत होता, त्याला यांनी हात केला. जाताना दोन अलार्म बॅगेत नेले. एक गावच्या सैपाकघरात लावला, तो प्रत्येक फोडणीला वाजायचा, शेवटी मोठ्या आईनं सेल काढून देवघरात ठेवून दिला.

देवघराचं म्हणाल तर फोटो तुकडोजी महाराजांचा. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना चुकली नाही, खंजिरी मात्र त्यांना कधी ताला‌त वाजवता आली नाही, हे त्यांच्या भजनी मंडळासमोरही मी बोललो असतो. पुण्यतिथीला महाराजांच्या आश्रमात, गुरुकुंज मोझरीला, संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असतं, त्याला ते दर वर्षी जायचे. ड्युटी लागली तर स्टेशनमध्येच बंबाशेजारी उभे, घड्याळ हातात. एका वर्षी त्याच वेळी फोन खणखणला. उचलला, गाडीत बसले, आणि गेले. मी नंतर विचारलं, मौन तुटलं ना? म्हणे, "अन् थांबलो असतो तं महाराज मलेच बोलले असते."

तिकडचे ४.५८ म्हणजे टोरांटोत सकाळचे ७ वाजून २८ मिनिटं. या वर्षी मी ऑफिसला निघालो होतो, गाडी एका पार्किंगला घेतली आणि घरी फोन लावला. मोठी आई काही बोलली नाही, मीही नाही. मागून कुकरची शिट्टी, कोणाची तरी मोटारसायकल, असं चाललेलं. मग तिचा आवाज आला, "झालं बाप्पा. ठेव आता, तुले उशीर झाला असन. पोरगी उठली का?"