हातांनी वाजवलेली यंत्रं

[पडद्यावर: टर्नटेबल फिरतंय, सुई अजून वरच आहे.]

लंडनचं हॅमरस्मिथ ओडियन. 1932 साली गॉमाँ पॅलेस या नावानं उघडलेलं, साधारण साडेतीन हजार खुर्च्यांचं थिएटर. 28 सप्टेंबर 1979च्या रात्री इथे ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक पॉप गायक गॅरी न्यूमनचा कार्यक्रम झाला आणि तो टेपवर उतरवला गेला. त्याचं 'कार्स' हे गाणं त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. या मैफलीची एलपी तबकडी 1981च्या एप्रिलमध्ये आली, 'लिव्हिंग ऑर्नमेंट्स '79'. त्यात नऊच गाणी होती. संपूर्ण मैफल दोन सीडींवर मिळायला 2005 उजाडलं.

न्यूमनचं संगीत थंड, यांत्रिक असं सगळेच म्हणतात. स्टुडिओतला अल्बम ऐकून ते पटतंही. ही मैफल ऐकताना मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायची. सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ), म्हणजे विजेनं आवाज घडवणारी वाद्यं. ती एकमेकांना जोडणारं मिडी यायला अजून चार वर्षं होती. इथला प्रत्येक सिंथ कुणीतरी हातानं वाजवतंय. ड्रमवर सेड्रिक शार्पली, बेसवर पॉल गार्डिनर, गिटारवर रसेल बेल, कीबोर्डवर क्रिस पेन आणि अल्ट्राव्हॉक्स या बँडचा बिली करी. आपल्याला ऐकायचे आहेत ते हे हात.

[पडद्यावर: स्ट्रोब डिस्क, रेषा हळूहळू सरकताना.]

पण आधी टर्नटेबलचा वेग तपासा. इथे पुढे सुरांचाच विचार करायचा आहे, आणि तबकडी अर्धा टक्का जोरात फिरली तर सगळे सूर जवळपास नऊ सेंटनी चढतात. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. मग सिंथ चढा आहे की मोटर, हे कळायला मार्ग नाही. 50 हर्ट्झच्या विजेसाठी, मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या वेगाला 180 रेषांची स्ट्रोब डिस्क, म्हणजे रेषा छापलेली चकती, लागते. ती फिरत्या टर्नटेबलवर ठेवून जुन्या, चोकच्या ट्यूबलाइटखाली पाहिली की रेषा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. इथे हमखास फसगत होते ती एलईडी दिव्यामुळे. चांगला एलईडी लुकलुकतच नाही, त्यामुळे रेषा सरसकट करड्या दिसतात आणि डिस्क खराब आहे असं वाटतं. जुना पिवळा बल्ब लावा. तोही नसेल तर खोलीत अंधार करून डिस्क ठेवलेलं टर्नटेबल स्विचबोर्डच्या लाल निऑन इंडिकेटरजवळ न्या. तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. उजेड अगदीच मिणमिणता, पण काम होतं.

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. बेस गिटारची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची, आणि मिनीमूग हा सिंथही त्याच तळघरात वावरतो. फोनचा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. तरी आपल्याला बेस 'ऐकू येतो', कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. चाल कळते, वजन कळत नाही. या मैफलीत गार्डिनरचा बेस आणि सिंथ कितीदा एकाच वाटेनं जातात. ते दोन आवाज वेगळे करायचे असतील तर साधे वायरचे हेडफोन पुरेत. स्पीकर असतील तर ते आणि तुम्ही मिळून समभुज त्रिकोण झाला पाहिजे. दोन मीटरची बाजू घरच्या खोलीत जमून जाते.

[पडद्यावर: मिनीमूगचा कीबोर्ड, डावीकडची दोन चाकं.]

आता 'कार्स'. ही चाल न्यूमनला बेस गिटारवर सुचली होती. गाण्याचे शब्द अर्ध्यावरच संपतात आणि पुढे नुसती वाद्यं चालतात. ऐकायचा भाग तोच. मिनीमूग एका वेळी एकच स्वर वाजवतो. तीन ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारी सर्किटं, एकत्र येऊन तो जाडजूड स्वर बनतो, आणि हे तिन्ही ऑसिलेटर तापमानाला हळवे. सुरू केल्यावर अर्धा तास तरी तापू द्यावे लागतात. त्यातून रंगमंचावर प्रखर दिवे. ऑसिलेटर एकमेकांपासून किंचित सरकले की लांब स्वरात एक लाट येते, आवाज हळू श्वास घेतल्यासारखा फुगतो आणि ओसरतो. ही लाट जितकी जलद, तितकं ऑसिलेटरमधलं अंतर जास्त. सेकंदाला एक-दोन लाटा कानाला गोड लागतात, सहा-सात झाल्या की कान टवकारतात. शिवाय मिनीमूगच्या पिच व्हीलला, म्हणजे स्वर वर-खाली ओढायच्या चाकाला, स्प्रिंग नाही. स्वर ओढला की चाक बोटानंच परत आणायचं. ते थोडं अलीकडे राहिलं तर पुढचे सगळे स्वर तेवढेच बेसूर.

वर पसरलेला तो रुंद, थरथरता आवाज पॉलीमूग या दुसऱ्या सिंथचा. त्या आवाजाला 'व्हॉक्स ह्युमाना' म्हणतात. कारखान्यातून तयारच आलेला, एक बटण दाबलं की हजर. अख्खी कारकीर्द एका प्रीसेटवर उभी राहिली अशी उदाहरणं थोडी आहेत. पॉलीमूगच्या 71 पट्ट्या एकदम दाबल्या तरी सगळ्या वाजतात, कारण प्रत्येक पट्टीला स्वतःची वेगळी चिप आहे. म्हणूनच तो जड, आणि बिघाडासाठी कुप्रसिद्ध. एक चिप गेली की नेमकी तेवढीच पट्टी मुकी होते. मिनीमूगसारखे त्याचे स्वर आपापसांत भांडत नाहीत, सरकले तर सगळे मिळून सरकतात. हा फरक कानानं पकडायचा असेल तर गाण्यातली अशी जागा शोधा, जिथे पॉलीमूग एक कॉर्ड धरून ठेवतो आणि खाली मिनीमूग चालत असतो. वरचं छत स्थिर, खालची जमीन हलती.

करीचा एआरपी ओडिसी हा सिंथ म्हणजे तिसरा प्राणी. 2005च्या आवृत्तीत 'ऑन ब्रॉडवे' आहे, त्यातला त्याचा सोलो ऐका. किंचाळल्यासारखा तो सूर ऑसिलेटर सिंकचा. पहिला ऑसिलेटर दुसऱ्याला प्रत्येक फेऱ्याला कान धरून परत सुरुवातीला आणतो. त्यामुळे दुसऱ्याचा सूर वर-खाली केला तरी स्वर बदलत नाही, फक्त त्याची धार बदलते. गिटारच्या फीडबॅकच्या, म्हणजे स्पीकरसमोर धरल्यावर उठणाऱ्या किंकाळीच्या, एवढं जवळ जाणारा सिंथचा आवाज सहसा सापडत नाही. दौरा संपला आणि करी परत अल्ट्राव्हॉक्सला गेला, तेव्हा ही धारही त्याच्याबरोबर गेली.

[पडद्यावर: रिकामं सभागृह, बाल्कनीतून दिसणारा रंगमंच.]

थोडं सभागृहाबद्दल. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. रंगमंचापासून 30 मीटरवरच्या माइकला स्नेअर ड्रमचा फटका जवळपास 87 मिलिसेकंद उशिरा मिळतो. प्रेक्षकांचा माइक मिक्समध्ये जास्त चढवला तर प्रत्येक फटका दोनदा ऐकू येतो, कमी ठेवला तर मैफल तळघरातली वाटते. टाळ्यांकडेही लक्ष द्या. एलपीवरचा क्रम मैफलीचा नाही. 'माय शॅडो इन व्हेन' त्या रात्री अगदी शेवटाकडे वाजलं, एलपीवर ते दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आहे. गाण्यांची जागा बदलली की टाळ्यांचे तुकडे जोडावे लागतात. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून गाण्यांमधला गलका ऐकला तर गर्दीचा आवाज मोठा केव्हा झाला आणि कुठे कापला हे कळतं.

आवृत्त्यांची तुलना करताना आधी आवाजाची पातळी जुळवा. एक डेसिबलनं मोठी असलेली आवृत्ती कुणालाही 'जास्त जिवंत' वाटते, त्यात तिचं कर्तृत्व काही नसतं.

[पडद्यावर: सुई लेबलजवळच्या खाचांत, अगदी जवळून.]

आणि शेवटी 'मेटल'. एलपीवर ते दुसऱ्या बाजूला शेवटी आहे, म्हणजे तबकडीच्या सर्वांत आतल्या खाचांत. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 50 सेंटिमीटर खाच सरकते, इथे जेमतेम 21. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला, त्यामुळे उंच स्वर फाटतात. नेमकं हेच गाणं कर्कश असावं असं रचलेलं. मग चरचर सिंथची की सुईची? न्यूमनच्या उच्चारातला 'स' ऐका. तोही थुंकल्यासारखा फुटत असेल तर दोष सुईचा. कार्ट्रिजवर, म्हणजे सुई बसवलेल्या भागावर, सांगितलेलं वजन आहे का ते काट्यावर बघा, बऱ्याच साध्या कार्ट्रिजना ते दोन ग्रॅमच्या आसपास लागतं. 'कमी वजनानं तबकडी झिजत नाही' या समजुतीनं ते घटवलेलं असतं, आणि सुई खाचेत उडत राहून उलट जास्त नुकसान करते. सुईच्या टोकावर धूळ आहे का, कार्ट्रिज खाचेच्या रेषेत सरळ बसलं आहे का, हेही पाहा. 'स' स्वच्छ असेल आणि फक्त सिंथच चरचरत असेल, तर काही हलवू नका. तो आवाज 1979चाच आहे.

[सुई शेवटच्या खाचेत फिरत राहते. आर्म उचलला जातो.]