ओटीपी कशासाठी मागितला?

(दृश्य: सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी. सकाळची रांग.)

ओपीडी सुरू व्हायच्या आधीच खिडकीसमोर रांग लागलेली असते. आतला ऑपरेटर नाव, वय, पत्ता विचारतो, आधार क्रमांक टाकून घेतो आणि म्हणतो, "मावशी, मोबाइलवर सहा आकडे आलेत, ते सांगा." मावशी आकडे वाचून दाखवतात. केसपेपर हातात पडतो आणि रांग पुढे सरकते. तेवढ्यात मावशींच्या नावाने चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, तयार झालेला असतो. पण ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

सरकारी आरोग्ययंत्रणेवर लोक किती विश्वास टाकतात, हे बरंचसं या खिडकीवर ठरतं. सर्व्हर कुठला आणि एन्क्रिप्शन कसलं, हे प्रश्न नंतरचे.

हा क्रमांक देणारं सरकारी आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. सगळ्यांचे आजार दिल्लीत एकाच ठिकाणी साठवले जातात, असा समज तेव्हापासून आहे. तो चुकीचा आहे. मध्यवर्ती पातळीवर नोंदवह्या असतात: आभा क्रमांक कुणाचा, नोंदणीकृत डॉक्टर कोण, दवाखाना कुठला. रिपोर्ट, प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड मात्र ज्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये तयार झालं तिथल्याच सिस्टिममध्ये राहतं.

दुसरा घोळ जास्त महागात पडतो. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आभा हा नुसता ओळख क्रमांक, त्यावर बिलातला एक रुपयाही कमी होत नाही. शिबिरात "कार्ड काढून घ्या, फायदा आहे" एवढंच सांगितलं, तर माणूस आभा काढून विमा मिळाल्याच्या भरवशावर राहतो. भरती व्हायची वेळ आली की त्याला खरं कळतं, आणि मग तो सरकारच्या कुठल्याच कार्डावर विश्वास ठेवत नाही.

(पडद्यावर: फोनवरच्या आभा ॲपमधली संमतीची विनंती, जवळून.)

आता ही विनंती नीट बघा. एका रुग्णालयातली नोंद दुसऱ्या ठिकाणी हवी असेल, तर ती रुग्णाच्या ॲपमध्ये येते. कोण मागतंय, कशासाठी मागतंय, कोणत्या प्रकारचे कागद हवेत, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचे, आणि ही परवानगी कधी संपणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. गुडघा दाखवायला आलेल्या बाईने पाच वर्षांपूर्वीच्या गर्भपाताचे कागद उघडे करायचं काही कारण नाही. परवानगी देण्याआधी तारखा बदलता येतात, नको त्या प्रकारावरची खूण काढता येते, विनंती सरळ नाकारता येते. दिलेली परवानगी नंतर मागेही घेता येते. 'हो' म्हटल्यावर नोंद एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे सांकेतिक कुलूप लागून, एका रुग्णालयातून थेट दुसऱ्या रुग्णालयात जाते. मधल्या संमती यंत्रणेला ती वाचता येत नाही.

रचना चांगली आहे, यात वाद नाही. पण ती धरून चालते की फोन रुग्णाच्या हातात आहे आणि रुग्ण तो वाचतो. घरात एकच फोन असेल आणि तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असेल, तर ओटीपी, संमती आणि रिपोर्ट आल्याचा निरोप, सगळं त्याच्याकडे जातं. मनोविकाराची गोळी किंवा गर्भनिरोधक, घरच्यांपासून जे लपवायचं तेच आधी घरच्यांना दिसतं. शिबिराच्या गडबडीत भलताच नंबर जोडला गेला, तर पुढचे ओटीपी परक्या माणसाला जात राहतात. परवानगी मागे घेतली तरी आधी पाहिलेलं, छापलेलं, फोटो काढून ठेवलेलं परत येत नाही.

आभा काढणं ऐच्छिक आहे. डिसेंबर 2020 च्या आरोग्य डेटा व्यवस्थापन धोरणानुसार, क्रमांक नाही म्हणून कुणाला उपचार नाकारता येत नाहीत. मग खिडकीवर न सांगता ओटीपी का मागितला जातो? कारण मोजमाप होतं ते किती क्रमांक निघाले याचं. किती जणांना समजावून सांगितलं, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नसतो. कोविन या कोविड लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर आधार दाखवून लस घेतलेल्या अनेकांना आपल्या नावाचा आरोग्य क्रमांक निघाल्याचं कळलं ते थेट प्रमाणपत्रावर तो छापून आल्यावर.

(दृश्य: बंद कॉम्प्युटर, हाताने लिहिलेले केसपेपर.)

23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे डेटाला कुलूप घालून खंडणी मागण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, बंद पडले. ओपीडी, भरती, लॅब, सगळं कित्येक दिवस कागदावर चाललं. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट डेटा एन्क्रिप्ट झाला होता, आणि कारण होतं नेटवर्कची नीट न केलेली विभागणी. म्हणजे एका कप्प्यात शिरलेल्याला पुढचे कप्पेही उघडे सापडले. जून 2023 मध्ये टेलिग्रामवरचा एक बॉट (आपोआप उत्तर देणारं खातं) लसीकरणाशी जोडलेली वैयक्तिक माहिती दाखवू लागला. आरोग्य मंत्रालयाने कोविनमधून डेटा फुटल्याच्या बातम्या निराधार ठरवल्या. ज्याने स्वतःचा ओळखपत्र क्रमांक पडद्यावर पाहिला, त्याची या उत्तराने समजूत कशी पटणार? माहिती कुठून गेली आणि आपण काय करायचं, एवढंच त्याला हवं असतं.

कायद्याची बाजू रेंगाळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2018 मध्ये आरोग्य डेटासाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा आला, पण कायदा झाला नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सर्वसाधारण आहे. आजारपणाच्या माहितीला त्यात वेगळा, जास्त संवेदनशील असा वर्ग नाही. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. तो जमा होणार भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याची माहिती फुटली त्या रुग्णाला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही.

प्रत्येक नोंदीला संमती हवीच, असंही नाही. क्षयरोगाचा रुग्ण सरकारला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे; संसर्ग पसरतो. पण 2017 च्या एचआयव्ही कायद्यात उलटी काळजी घेतली आहे: रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, अपवाद मोजके आणि कायद्यात लिहिलेले.

(पडद्यावर: पुन्हा ॲप.)

ओटीपी सांगण्याआधी मेसेज पूर्ण वाचा, किंवा ऑपरेटरला विचारा: हा केसपेपरसाठी आहे की आभासाठी? आभा नको असेल तर तसं सांगून साधा केसपेपर मागा. क्रमांक आधीच निघाला असेल, तर ॲपमध्ये संमतींची यादी उघडा, चालू असलेल्या परवानग्या बघा, नको त्या रद्द करा. जोडलेला मोबाइल नंबर आपलाच आहे ना, हेही तिथेच तपासा. क्रमांक तात्पुरता बंद किंवा कायमचा रद्द करता येतो. मात्र तो रद्द केल्याने रुग्णालयातल्या नोंदी पुसल्या जात नाहीत. त्यांची प्रत हवी असेल तर रुग्णालयाकडे वेगळा लेखी अर्ज द्यावा लागतो, आणि 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांनुसार ती 72 तासांत मिळायला हवी.