सराफ्यावरून परतताना

श्रोतेहो, नमस्कार. इंदूरला माझं औषधांचं छोटंसं दुकान आहे. सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा बाजार आणि रात्री खाण्याचा, हे तुम्हाला काय सांगायचं! रात्री मी शटर ओढायला घेतलं की कोणीतरी पोटावर हात ठेवून येतंच. "काका, पोट डब्ब झालंय. ती एन्झाइमची गोळी द्या ना." मी विचारतो, "खाल्लं काय?" तर म्हणतात, "त्याचं काय करायचंय? गोळी द्या."

गाडी अडते ती इथंच. एन्झाइम म्हणजे अन्नाचे बारीक तुकडे करणारा पाचक पदार्थ, आणि कोणतं एन्झाइम लागेल ते काय खाल्लं यावरच ठरतं.

लहान आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते. तिथल्या जिवाणूंना आयतं जेवण मिळतं. ती साखर आंबते आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनसुद्धा तयार होतो. राजमा, छोले, वाल, आणि पोह्यांवर आपण मूठभर टाकतो त्या शेवेचं बेसन, या सगळ्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं अल्फा गॅलॅक्टोसिडेज हे एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात नसतंच. तुमच्याही नाही, माझ्याही नाही. तेव्हा उसळीनं पोट गुडगुडलं तर उगाच पचनशक्तीला नावं ठेवू नका. गोळीतलं हे एन्झाइम ॲस्परजिलस नायजर नावाच्या काळ्या बुरशीपासून मिळवतात. पहिल्या घासाबरोबर घेतलं तर साखर जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच बरीचशी तुटते. पोट फुगल्यावर, दोन-तीन तासांनी घेऊन काय उपयोग? उसळ केव्हाच पुढे गेलेली असते!

रबडीचं प्रकरण वेगळं. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती तोडणारं लॅक्टेज लहानपणी भरपूर असतं, मोठेपणी पुष्कळांचं कमी होतं. आणि रबडी म्हणजे आटवलेलं दूध, त्यामुळे वाटीभर रबडीत वाटीभर दुधापेक्षा लॅक्टोज जास्त. भुट्ट्याच्या किसातही दूध असतं, हे खाताना कोणाच्या लक्षात राहतं? अशांना लॅक्टेजची गोळी खरंच उपयोगी पडते, तीही खातानाच घ्यायची. दही मात्र यांतल्या बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी थोडं लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं.

आता ती रंगीत, गोड पाचक सिरपं. दुकानदारानं हे बोलू नये, पण बोलतो. त्यांत बहुधा डायास्टेज आणि पेप्सिन असतं. पहिलं पिष्टावर काम करतं, दुसरं प्रथिनांवर. राजम्याच्या किंवा दुधाच्या साखरेला ती हातसुद्धा लावत नाहीत. कांदा-लसणातलं फ्रुक्टान, म्हणजे साखरेच्या कणांची साखळी, तर मघाच्या दोन्ही गोळ्यांना दाद देत नाही.

मधुमेहासाठी अकार्बोज घेत असाल, तर अल्फा गॅलॅक्टोसिडेज डॉक्टरांना विचारूनच घ्या. दोघांची कामं एकमेकांच्या उलट आहेत. गॅलॅक्टोसेमिया, म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर शरीराला नीट वापरता न येण्याचा जन्मजात आजार, असलेल्यांनी तर ते टाळावंच. आणि वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय, दुखण्यानं रात्री झोपमोड होतेय, असं असेल तर माझ्याकडे गोळी मागू नका. मी देणारही नाही, डॉक्टरांकडे पाठवीन.

माझ्या आईनं एन्झाइम हा शब्द कधी ऐकला नसेल. वाल रात्रभर भिजवायची, ते पाणी मोरीत ओतून द्यायची आणि दाणे फडक्यात बांधून ठेवायची. त्या साखरा थोड्या पाण्याबरोबर जायच्या, उरलेल्यांतल्या बऱ्याचशा मोड येताना दाणा स्वतःच खाऊन टाकायचा.