मागाच्या घरातला ससा

बेळगावच्या वडगावात सकाळ होते ती मागांच्या खडखडाटानं. इथल्या घरांत सुताचे तंतू सगळीकडं: खिडकीच्या गजांवर, फोटोंच्या चौकटींवर, माणसांच्या भुवयांवर. त्यामुळं पाऊस सरता सरता वरच्या खोलीत पांढरे पुंजके लोळायला लागले, तेव्हा दोन दिवस कुणी लक्षच दिलं नाही. हे सूत नव्हतं. घरच्या सशाचे, कापश्याचे केस होते.

दिवस लहान-मोठा होऊ लागला की सशाचं अंग जुने केस सोडतं. सुरुवात डोक्याकडून होते, मग मान, पाठ, शेवटी शेपटी. कापश्या आत्ता मानेपर्यंत नवाकोरा आहे आणि पाठीवर जुनी गादी. मधली रेघ स्पष्ट दिसते. काकी हसतात: "अर्धी साडी विणून झाली ओ."

काकींचा हात बघा. रबराचा ब्रश हलका, केस बसलेत त्याच दिशेनं. मग ओला तळवा पाठीवरून, म्हणजे उरलेले हाताला चिकटतात. दहा मिनिटं, बस्स. कापश्यानं पाय आपटला तर त्याच्या आधीच थांबायचं. सशाची कातडी पातळ असते, चटकन फाटते. म्हणून गुंता ओढायचा नाही आणि त्यात कात्रीही घालायची नाही. तुटलेला धागा सांधण्यात आयुष्य गेलेल्या बाईला हे कुणी शिकवायला लागलं नाही. अंघोळ मात्र तिनं एकदा घालायची ठरवली होती. नातवानं बादली उचलून नेली, बरं झालं. भिजलेला ससा गारठतो, घाबरतो, त्यातच दगावूही शकतो.

जमिनीवर पडलेल्या केसांचं काय, झाडू आहे. काळजी पोटात गेलेल्या केसांची. ससा दिवसभर स्वतःला चाटतो, आणि मांजरासारखं ओकून टाकणं त्याला जमतच नाही. आतडं चालतं असेल तर केस आपसूक बाहेर पडतात. ते चालतं ठेवतं वाळलेलं गवत, तेही ढीगभर, आणि भांडंभर पाणी. आपल्याकडच्या पावसात गवत दमट होतं, बुरशी धरते. काकी मूठभर नाकाला लावून बघतात, मगच टाकतात. मेथी-कोथिंबीर थोडी. पाहुणे प्रेमानं गोड कुंदा पुढं करतात, तेव्हा काकींचा आवाज मागापेक्षा मोठा होतो.

रोज सकाळी त्या लेंड्या बघतात. टपोऱ्या, सुट्या असल्या की झालं. केसात ओवल्यासारखी माळ दिसली तर गवत वाढवायचं, ब्रश दोनदा. लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या किंवा अर्धा दिवस ससा खाण्याला शिवला नाही, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. थेट डॉक्टर. आधी फोन करून विचारायचं, ससे बघता का. सशाला कानडीत "मोला" म्हटलं की इथं लगेच कळतं. आणि खाली नवी लव न दिसता टक्कल पडलं, कोंडा सुटला, तर तो किड्यांचा त्रास असू शकतो. कुत्र्याचं गोचिडाचं औषध घरात असलं तरी त्याला हात लावायचा नाही. अशा बऱ्याच औषधांत फिप्रोनिल हे द्रव्य असतं, ते सशाच्या जिवावर बेतू शकतं.

ससा वर, माग खाली. एवढे मोठे कान असलेल्या जिवाला खडखडाटाशेजारी कसं ठेवायचं? तरी केस जिना उतरतातच. संध्याकाळी साडीची घडी घालताना काकी पदर उजेडात धरतात, चिमटीत काहीतरी पकडतात.

"ह्यो सुताचा न्हवं."