बायूचा पट: विणलेला नव्हे, भरलेला

मंडळी, फ्रान्सच्या नॉर्मंडीतलं बायू हे तेरा-चौदा हजार वस्तीचं गाव. ज्या वस्तूसाठी लोक तिथे जातात तिला सारं जग ‘बायूची टॅपेस्ट्री’ म्हणतं, आणि हे नावच चुकीचं आहे. टॅपेस्ट्रीत चित्र मागावरच उमटतं. येवल्याला पैठणीच्या पदरात रंगीत रेशमाच्या तिल्ल्या (छोटी रिळं) फिरवून धागे एकमेकांत अडकवत नक्षी विणतात, ती खरी टॅपेस्ट्री. बायूचा पट म्हणजे तयार लिननवर लोकरीनं केलेलं भरतकाम. लांबी सुमारे ६८ मीटर, उंची जेमतेम अर्धा मीटर. विषय, १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं जिंकलेलं इंग्लंड. करवून घेणारा बहुधा त्याचा सावत्र भाऊ, बायूचा बिशप ओडो. भरणारे हात मात्र इंग्लंडमधले असावेत, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

भरण्याची रीत बघा. आधी दांडी टाक्यानं बाह्यरेषा. मग आतल्या जागेत लोकरीचे लांब धागे एकाच दिशेनं, एकमेकांना चिकटून पसरायचे. सुई एका कडेला खाली गेली की त्याच कडेला शेजारीच वर येते, म्हणून मागच्या बाजूला लोकर जवळजवळ वाया जात नाही. मग या थरावर काटकोनात, काही मिलिमीटरच्या अंतरानं आडवे धागे, आणि ते बारीक टाक्यांनी जखडायचे. घोडे, चिलखतं, जहाजांची शिडं अशी झपाट्यानं भरता येतात. खोट एकच: जखडणारा टाका तुटला की खालचे लांब धागे मोकळे होतात आणि कशातही अडकतात.

रंग तीन वनस्पतींचे, छटा दहा. लाल रंग आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीचा. निळा वोड नावाच्या वनस्पतीच्या पानांचा, पण त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीचंच. पिवळा वेल्ड नावाच्या झुडपाचा. गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात डागडुजीला वापरलेली लोकर विटली, नऊशे वर्षांची जुनी मात्र बरीच टिकली.

कापडाचे तुकडे नऊ. पहिल्या दोहोंच्या जोडावर वरच्या किनारीची रेघ जुळत नाही. दोन्ही तुकडे आधी भरून मग जोडले, असाच याचा अर्थ. पुढच्या जोडांवर ही चूक दिसत नाही; कारागीर शहाणे झाले होते.

बायूच्या कॅथीड्रलच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या, १४७६ सालच्या मालमत्तेच्या यादीत हा पट आहे. संतांच्या अवशेषांच्या उत्सवात तो सभामंडपाभोवती टांगत, एरवी गुंडाळून ठेवत. त्यामुळे उजेड कमी लागला. १७९२ मध्ये फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीत तो लष्करी गाडीवर आच्छादन म्हणून चढला. लँबेर-लेओनार ल्फॉरेस्तिए या वकिलानं तो उतरवून दुसरं कापड दिलं. पुढे पाहुण्यांना दाखवायला तो दोन रुळांवर रहाटासारखा फिरवत. माझ्या मते सर्वांत जास्त झीज याच कौतुकानं केली. १८४२ मध्ये तो काचेआड गेला. २०२० च्या पाहणीत २४,२०४ डाग, १६,४४५ चुण्या आणि ९,६४६ भोकं नोंदली गेली.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जूनच्या सुरुवातीला पट सूर्शच्या गढीत होता; महिनाअखेरीस तो पॅरिसला लूव्र संग्रहालयात गेला. इकडे ७ जूनला ब्रिटिश सैन्य बायूत शिरलं आणि शेजारचं काँ शहर उद्ध्वस्त होत असताना हे गाव जवळपास शाबूत राहिलं. मध्ययुगीन गल्ल्यांतून रणगाडे जाईनात, तेव्हा सैन्याच्या अभियंत्यांनी गावाला वळसा घालणारा रस्ताच बांधला. तोच आजचा वर्तुळमार्ग.

कॅथीड्रलचा मधला मनोराही असाच वाचलेला. १८५० च्या दशकात त्याचे खांब चिरडले जाऊ लागले आणि तो पाडायचं ठरलं होतं. गावानं विरोध केला. रेल्वेचा अभियंता यूजेन फ्लाशा यानं मनोरा लाकडी टेकूंवर तोलून धरला आणि खालचे खांब नव्यानं उभारले.

आता पाळी पटाची. उभा टांगला की स्वतःचंच वजन जुन्या धाग्यांना ओढत राहतं. सप्टेंबर २०२५ पासून संग्रहालय नूतनीकरणासाठी बंद आहे. नव्या दालनात तो कलत्या आधारावर ठेवायचा बेत आहे.